जुन्या मोटरसायकलचे मागचे चाक : बेअरिंग आणि स्प्रॉकेट कसे मागवावे?

गेल्या काही वर्षांपासून जुन्या मोटरसायकलींना पुन्हा मागणी आली आहे. ज्या जावा, येझदी, राजदूत आणि जुन्या बुलेट गाड्या एके काळी वाड्याच्या मागे किंवा गोदामात गंजत पडलेल्या असत, त्या आज लोक हौसेने विकत घेऊन पुन्हा रस्त्यावर आणत आहेत. या कामात आपल्या समाजातील बरेच कारागीर आहेत. कोणी फिटर आहे, कोणी लेथवाला, कोणी रीम बांधणारा, तर कोणाचे स्पेअर पार्टचे दुकान आहे. इंजिनाच्या बाबतीत ही मंडळी फार चोख असतात, पण मागच्या चाकाला तेवढा मान मिळत नाही, असे आमचे निरीक्षण आहे. वास्तविक गाडीवर बसणाऱ्याचा जीव इंजिनापेक्षा चाकावर जास्त अवलंबून असतो. इंजिन बंद पडले तर गाडी ढकलत घरी आणता येते. चालत्या गाडीचे मागचे चाक जाम झाले तर काय होते, हे सांगायची गरज नाही.

आमचा धंदा कापडाचा. तरीही या विषयावर लिहावेसे वाटले, त्याला कारण आहे. कापडाच्या घाऊक बाजारात "शर्टाचे कापड द्या" असे म्हणून कोणी माल मागत नाही. सूत किती काउंटचे, रीड-पीक किती, पन्हा किती, हे ठरल्याशिवाय सौदा होत नाही. स्पेअर पार्टच्या दुकानात मात्र आजही "जावाचे बेअरिंग द्या", "बुलेटचे स्प्रॉकेट द्या" अशी मागणी होते आणि दुकानदारही डब्यातून काहीतरी काढून देतो. निम्मी भानगड इथेच सुरू होते.

नाव एकच, पण गाड्या अनेक

बुलेटचेच घ्या. मद्रासमध्ये १९५५ साली एनफिल्ड इंडिया कंपनी सुरू झाली आणि तेव्हापासून हे नाव बंद पडलेले नाही. २००९ मध्ये नव्या पद्धतीचे, गिअरबॉक्ससह एकाच कवचात बसणारे इंजिन आले आणि त्यानंतरही बदल होत राहिले. दुकानदाराने "बुलेट" म्हटल्यावर कोणत्या सालाची समजावी? जावाची गोष्ट आणखी घोळाची आहे. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीची स्थापना १९६० ची. तिच्या गाड्या पुढे येझदी नावाने निघू लागल्या आणि १९९६ मध्ये कारखाना बंद झाला. त्यानंतर २०१८ मध्ये जावा आणि २०२२ मध्ये येझदी ही नावे नव्या मालकांनी पुन्हा बाजारात आणली. या नव्या गाड्या सर्वस्वी निराळ्या आहेत. टाकीचा घाट जुना दिसला म्हणून चाकाचा माल जुना नसतो. तेव्हा फोनवरून परगावी "जावाचा चेन सेट पाठवा" असे सांगणाऱ्याला कोणत्या जावाचा माल येईल, याची खात्री कोणी देऊ शकत नाही.

शिवाय साठ-सत्तर वर्षे चाललेल्या गाडीचे चाक तिचे स्वतःचेच असेल, असेही नाही. मधल्या काळात कोणा मेकॅनिकने दुसऱ्या गाडीचा हब बसवलेला असतो. म्हणून पहिला नियम हा की चाक उघडल्याशिवाय मालाची ऑर्डर देऊ नये. चाक उघडल्यावर बेअरिंगे किती आहेत तेही मोजावे. हबमध्ये दोन असतात एवढेच गृहीत धरणारे बरेच आहेत. पण ज्या गाड्यांत चाक काढले तरी स्प्रॉकेट आणि चेन गाडीवरच राहते, जसे जावा-येझदीत, तिथे स्प्रॉकेटच्या बैठकीला स्वतःचे निराळे बेअरिंग असते. हबची दोन बदलली आणि ते एक जुनेच राहिले, तर मेहनत वाया गेली म्हणून समजा.

बेअरिंगचा नंबर वाचावा कसा

बेअरिंगच्या कडेवर नंबर कोरलेला असतो. समजा ६२०३ आहे. यातला ६ म्हणजे एका ओळीत छर्रे असलेले, खोल खाचेचे साधे बॉल बेअरिंग. २ म्हणजे हलकी मालिका. तिथे ३ असेल तर त्याच भोकाचे, पण बाहेरून मोठे आणि जास्त भार घेणारे. शेवटचे दोन आकडे आतल्या भोकाचे. ०० म्हणजे १० मिलिमीटर, ०१ म्हणजे १२, ०२ म्हणजे १५ आणि ०३ म्हणजे १७. ०४ पासून पुढे पाचाने गुणायचे. म्हणजे ०४ ला २० आणि ०५ ला २५. एवढे पाठ केले की निम्मे काम झाले.

त्याप्रमाणे ६२०२ चे माप १५ × ३५ × ११ मि.मी. (भोक, बाहेरचा व्यास, रुंदी), ६२०३ चे १७ × ४० × १२, ६२०४ चे २० × ४७ × १४ आणि ६३०२ चे १५ × ४२ × १३. ही मापे जगभर एकच आहेत. जयपूरला बनलेले बेअरिंग असो, चिंचवडचे असो की जपानचे, ६२०३ हे ६२०३ च. हा फार मोठा फायदा आहे. कारण गाडीचा कारखाना बंद पडला तरी बेअरिंग बंद पडत नाही. छताच्या पंख्यात, पाण्याच्या पंपात, लूमच्या मोटरीत याच मालिका चालतात. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीच्या आमच्या कारागीर बांधवांना गाडीच्या बेअरिंगसाठी मुंबईला जायची बहुतेक वेळा गरजच नाही. मोटर रिवाइंडिंगवाल्याच्या शेजारच्या बेअरिंगच्या दुकानात ते मिळते.

पण नंबराच्या पुढची अक्षरेही वाचली पाहिजेत. दोन झेड म्हणजे दोन्ही बाजूंना पत्र्याचे झाकण. टू-आर-एस म्हणजे दोन्ही बाजूंना रबरी सील. काही कंपन्या त्यालाच डीडीयू किंवा एलएलयू म्हणतात. पंख्याला पत्र्याचे झाकण पुरते, कारण पंखा चिखलातून जात नाही. मागच्या चाकाला रबरी सीलचे घ्यावे. सी-३ असे लिहिले असेल तर छर्ऱ्यांना आत नेहमीपेक्षा थोडी जास्त ढील ठेवली आहे असे समजावे. जुन्या बेअरिंगवर जे असेल तेच घ्यावे. सी-३ म्हणजे वरचा दर्जा, असा एक गैरसमज आहे, तो बरोबर नाही.

नंबर गंजून गेला असेल तर व्हर्निअरने तीन मापे घ्यावीत. पट्टीने नव्हे. पट्टीने का नको, ते पुढच्या परिच्छेदात कळेल.

इंची मालाचा धोका

ब्रिटनमध्ये बनलेल्या जुन्या गाड्यांत मेट्रिक बेअरिंग आढळते तसे इंची मापाचेही आढळते. त्यांचे नंबर आरएलएस, एलजे, आरएमएस, एमजे अशा अक्षरांनी सुरू होतात. उदाहरणार्थ आरएलएस-५. याचे माप ५/८ इंच भोक, १ ९/१६ इंच बाहेरचा व्यास आणि ७/१६ इंच रुंदी. मिलिमीटरमध्ये हे १५.८७ × ३९.६९ × ११.११ होते. आता वरचे ६२०३ आठवा. त्याचा बाहेरचा व्यास ४०. पट्टीने मोजणाऱ्याला दोन्ही एकच वाटतील! पण ४० चे बेअरिंग ३९.६९ च्या घरात ठोकून बसवायला गेले की हब तडकतो.

उलट प्रकारही होतो. आरएलएस-६ चा बाहेरचा व्यास १ ७/८ इंच, म्हणजे ४७.६२ मि.मी. त्या घरात ६२०४ (४७ मि.मी.) अगदी आरामात जाते, नव्हे, जास्तच आरामात जाते. सहा दशांश मिलिमीटर ढिले राहते. मग पत्र्याची पट्टी गुंडाळून किंवा घराच्या आतून पंचाचे ठिपके मारून ते घट्ट केले जाते. आम्ही स्वतः असा हब पाहिला आहे. काम करून देणाऱ्याचा व्यवहार इतर बाबतीत चांगला होता, म्हणून नाव घेत नाही. बेअरिंगचा बाहेरचा पाट घरातच फिरत राहून घर लंबगोल झाले होते. ठिपक्यांवर बसवलेले बेअरिंग ठिपक्यांच्या टोकांवर टेकते. टोके झिजली की ते पुन्हा ढिले. ज्या गाडीचा हब आता कोणी ओतत नाही, त्या गाडीचे हे कायमचे नुकसान आहे. बेअरिंग कितीही महाग असले तरी हबपुढे त्याची किंमत काहीच नाही, हे गिऱ्हाइकाला काम हाती घेण्यापूर्वीच समजावून सांगावे.

इंची बेअरिंगे आजही बनतात. घाऊक बेअरिंग व्यापाऱ्याला नंबर देऊन मागवावीत, थोडा वेळ लागला तरी चालेल. घर आधीच खराब झालेले असेल तर ते लेथवर गोल करून, आत स्लीव्ह बसवून मूळ मापाला आणावे. हे आपल्या लेथवाल्यांचे नेहमीचे काम आहे. ढील एक दशांश मिलिमीटरच्या आसपास किंवा कमी असेल तर बेअरिंग पकडून ठेवणारे खास चिकट रसायन मिळते, ते चालते. त्यापेक्षा जास्त ढिलीला रसायनाचा उपयोग नाही.

दोन बेअरिंगांच्या मधली नळी

आता एका अशा वस्तूविषयी, जिची किंमत सर्वांत कमी आणि महत्त्व सर्वांत जास्त. बहुतेक हबमध्ये दोन बेअरिंगांच्या आतल्या पाटांमध्ये एक नळी असते. तिला कोणी स्पेसर म्हणतात, कोणी डिस्टन्स पीस. एक्सलचा नट आवळला की सगळा दाब या नळीवर येतो, छर्ऱ्यांवर येत नाही. ही नळी हरवलेली, आखूड झालेली किंवा घासून "बरोबर केलेली" असेल, तर नट आवळताच दोन्ही आतले पाट एकमेकांकडे ओढले जातात आणि छर्रे कडेवर दाबले जातात. चाक हाताने फिरवून पाहिले तर फिरते. रस्त्यावर मात्र बेअरिंग तापते, ग्रीस पातळ होऊन जाते आणि मग ते जाम होते. "नवे बेअरिंग दोन महिन्यांत गेले, माल नकली होता" अशा तक्रारी आमच्याही कानावर येतात. अशा वेळी आधी नळी मोजावी, मग दुकानदाराला दोष द्यावा.

नळीची लांबी दोन्ही बेअरिंगांच्या आतल्या पाटांमधल्या अंतराइतकी हवी. दोन्ही टोके लेथवर काटकोनात घेतलेली हवीत. घासणीने घेतलेले टोक वाकडे असते.

बसवताना हब सुमारे १०० अंशांपर्यंत सगळीकडून सारखा तापवावा. एकाच जागी गॅसची ज्योत धरू नये. ॲल्युमिनियमचा हब पसरतो आणि बेअरिंग हलक्या हाताने जाते. ठोकायचेच असेल तर बाहेरच्या पाटावर ठोकावे. त्यासाठी जुन्या बेअरिंगचा बाहेरचा पाट ठेवून द्यावा, तो उत्तम ठोकणी होतो. आतल्या पाटावर हातोडी मारली की छर्ऱ्यांचे ठसे पाटावर उठतात आणि नवे बेअरिंग पहिल्याच दिवशी जुने होते. एक बेअरिंग बसवल्यावर नळी टाकायची, मग दुसरे. हे लिहायला हास्यास्पद वाटते, पण नळी बाकावरच राहिलेली चाके तयार झालेली आहेत!

स्प्रॉकेट : आधी चेन समजून घ्या

मोटरसायकलच्या चेनला तीन आकडी नंबर असतो. पहिला आकडा दोन कड्यांमधले अंतर, एक अष्टमांश इंचात. ४ म्हणजे ४/८, अर्थात अर्धा इंच. ५ म्हणजे ५/८ इंच. पुढचे दोन आकडे रुंदीचे. २० म्हणजे पाव इंच, २८ म्हणजे ५/१६ आणि ३० म्हणजे ३/८. म्हणून ४२८ ही अर्धा इंच × ५/१६, ५२० ही ५/८ × १/४ आणि ५३० ही ५/८ × ३/८. जावा-येझदीला अर्धा इंचाची ४२८ लागते, तर बुलेटच्या जातीच्या जड गाड्यांना ५/८ ची.

यात एक फसवणूक दडलेली आहे. ५२० आणि ५३० यांचे अंतर एकच आणि रोलरची जाडीही एकच, १०.१६ मि.मी. त्यामुळे ५२० च्या पातळ स्प्रॉकेटवर ५३० ची रुंद चेन बसते आणि चालतेही. पण ती आडवी डुलते आणि दात एका बाजूने खाते. दुकानदार म्हणतो "बसली ना?" बसणे वेगळे आणि शोभणे वेगळे. दाताची जाडी मोजावी. ५/१६ इंच रुंदीच्या चेनला दात साधारण सात मि.मी.पेक्षा थोडा जाड असतो, पाव इंचीला सहाच्या आत, तर ३/८ ला नऊच्या आसपास.

स्प्रॉकेट मागवताना कागदावर पुढील गोष्टी लिहून द्याव्यात : दातांची संख्या, चेनचा नंबर, दाताची जाडी, मधल्या भोकाचा व्यास, बोल्टची भोके किती आणि कोणत्या वर्तुळावर, आणि तबकडी सपाट आहे की बशीसारखी आत दबलेली. ही शेवटची गोष्ट लोक विसरतात आणि मग चेन तिरकी चालते. बोल्टच्या भोकांचे वर्तुळ मोजायचे असेल तर लगतच्या दोन भोकांचे मध्य-ते-मध्य अंतर घ्यावे. तीन भोके असतील तर १.१५५ ने गुणावे, चार असतील तर १.४१४ ने, पाच असतील तर १.७०१ ने आणि सहा असतील तर २ ने. तीन किंवा पाच भोकांची तबकडी समोरासमोर मोजताच येत नाही, म्हणून हा हिशेब.

जुन्या बुलेटची अडचण निराळी आहे. तिथे स्प्रॉकेट सुटे नसतेच; ब्रेकचा ड्रम आणि ३८ दातांचे स्प्रॉकेट एकसंध असते. दात गेले की ड्रमही बदलायचा, अशी रचना. नवा ड्रम मिळतो तोपर्यंत तोच बसवावा. दात उतरवून वर निराळी कडी बसवण्याचे कामही होते. पण ड्रम बिडाचा असेल तर पोलादी कडी वेल्ड करून भागवू नये, बोल्टने पक्की करावी. बीड आणि पोलाद यांचे वेल्डिंग तडकण्याचा धोका असतो आणि इथे तर चेनची ओढ आणि ब्रेकची उष्णता दोन्ही एकाच तुकड्यावर येतात. ड्रमच्या आत रबरी गट्टे असतात, तेही याच वेळी बदलावेत. ते दगडासारखे झाले की प्रत्येक झटका थेट दातांवर जातो.

माल मिळतच नसेल तर स्प्रॉकेट बनवता येते, आणि आमच्या मते लहान कारखानदारासाठी खरा धंदा इथेच आहे. पोलाद ईएन-८ घ्यावे. साध्या पत्र्याचे स्प्रॉकेट दिसायला तसेच असते, पण एका पावसाळ्यात त्याचे दात आकड्यासारखे वाकडे होतात. दात पाडायला हॉबिंग मशीन नसेल तर मिलिंग आणि डिव्हायडिंग हेडवरही काम होते. चाळीस फेऱ्यांच्या नेहमीच्या हेडवर ३८ दातांसाठी १९ भोकांच्या वर्तुळावर एक पूर्ण फेरी आणि एक भोक. ४६ दात हवे असतील तर २३ च्या वर्तुळावर २० भोके. ५/८ इंची चेनच्या ३८ दातांचा पिच व्यास १९२.२४ मि.मी. येतो आणि त्यातून रोलरची जाडी वजा केली की दातांच्या तळाचा व्यास १८२.०८. दात शेवटी इंडक्शनने कडक करून घ्यावेत. एक नग बनवायला बसले तर परवडत नाही. एका गाडीसाठी नकाशा तयार झाला की दहा-वीस नग एकदम करून जुन्या गाड्यांच्या मेकॅनिकांना कळवावे.

नवे स्प्रॉकेट आणि जुनी चेन, किंवा याच्या उलट, असा संसार लावू नये. अर्धा इंची चेनच्या वीस कड्या ताणून मोजल्या तर नव्या चेनमध्ये २५४ मि.मी. भरतात. २५९ भरल्या तर चेन संपली. पुढचे लहान स्प्रॉकेटही बरोबरच बदलावे. दात मात्र मूळचेच ठेवावेत. गाडी "लाँग" पळावी म्हणून गिऱ्हाईक पुढे एक दात वाढवायला सांगते. १६ चे १७ केले की इंजिनाच्या फेऱ्या सहा टक्क्यांनी कमी होतात खऱ्या, पण चढावर तेवढाच जोरही कमी होतो, हे आधी सांगून ठेवावे.

बाजार आणि बिल

मुंबईत बेअरिंगसाठी नागदेवी स्ट्रीट, पुण्यात दुचाकीच्या पार्टसाठी नाना पेठ, दिल्लीत करोल बाग आणि चेन्नईत जुन्या मालासाठी पुदुपेट या जागा धंद्यातील लोकांना ठाऊकच आहेत. भंगारातून काढलेला हब किंवा ड्रम जरूर घ्यावा, पण भंगारातले बेअरिंग कधीही घेऊ नये. जुन्या साठ्यातले, न वापरलेले बेअरिंग मिळाले तर त्यातले ग्रीस सुकलेले असणार. उघडे असेल तर धुऊन नवे ग्रीस भरता येते. सीलबंद असेल तर सोडून द्यावे.

नामांकित कंपन्यांच्या नावाने नकली बेअरिंगे फार येतात. सीलबंद नवे बेअरिंग बोटाने फिरवल्यावर भोवऱ्यासारखे भिरभिरत राहिले तर आत ग्रीस नाही असे समजावे. खरे बेअरिंग थोडे जड आणि एकसारखे फिरते. कोरलेली अक्षरे पुसट किंवा वाकडी आणि भाव बाजारापेक्षा बराच कमी, ही दुसरी खूण. काही कंपन्यांनी आता मोबाईलवरून फोटो पाठवून तपासण्याची सोय केली आहे, तिचा उपयोग करावा. आपल्या दुकानदार बंधूंना एवढेच सांगणे आहे की दुय्यम माल विकणे गुन्हा नाही. तो दुय्यम आहे असे सांगून, दुय्यमच्या भावात विकावा. ऐब झाकून विकलेल्या मालाचा नफा हा नफा नव्हे. बिलावर "बेअरिंग २ नग" असे न लिहिता पूर्ण नंबर, अक्षरांसह, आणि कंपनीचे नाव लिहावे. घेणाऱ्यानेही त्याशिवाय पैसे देऊ नयेत.

चाक तयार झाल्यावर चेनची जोडकडी लावताना तिच्या क्लिपचे बंद टोक चेन ज्या दिशेला धावते त्या दिशेला ठेवावे. पुढचे आणि मागचे स्प्रॉकेट एका रेषेत आहेत का, ते दोरा ताणून पाहावे. मग गाडी गिऱ्हाइकाला देताना शंभर किलोमीटरनंतर परत आणायला सांगावे. आल्यावर मागचा ब्रेक न वापरता दहा-बारा किलोमीटर फेरी मारावी आणि हबला हात लावून पाहावा. हात ठेवता येत नसेल इतका तो गरम असेल, तर चाक पुन्हा खोलून नळी मोजावी.